रक्ताची साक्ष

आपल्याकडे सोयरीक जुळवायला माणसे बसली, की चहापाणी झाल्यावर एक प्रश्न आवाज उतरवून विचारला जातो. मुलगा काय शिकला, पगार किती, घर स्वतःचे की भाड्याचे, हे प्रश्न चारचौघांत होतात. हा प्रश्न मात्र मध्यस्थाला बाजूला घेऊन विचारायचा असतो : ‘‘घराण्यात कुणाला तसले काही नाही ना?’’ ‘तसले’ म्हणजे काय, हे विचारणारा सांगत नाही आणि ऐकणाराही पुसत नाही. दमा, साखर, रक्तदाब ह्यांची नावे आपण उघड घेतो. मनाच्या आजाराचे नाव घ्यायला मात्र आपली जीभ रेटत नाही. आणि एखाद्या घरात तसे काही निघालेच, तर सारा गाव एका वाक्यात निकाल देऊन मोकळा होतो : ‘‘त्यांच्या रक्तातच आहे ते.’’

धर्मगुरू म्हणून ज्या ज्या धर्मग्रामांत आम्ही सेवा केली, त्या प्रत्येक ठिकाणी हे वाक्य आमच्या कानी आले आहे. ख्रिस्ती घरांत ते कमी ऐकू येते, असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. दर रविवारी आपण एकाच वेदीसमोर गुडघे टेकतो, एकाच प्रभूने सर्वांसाठी सांडलेल्या रक्ताचे स्मरण करतो. आणि ख्रिस्तमंदिराच्या पायऱ्या उतरलो, की शेजाऱ्याच्या रक्ताचा कस लावू लागतो. गेल्या काही दशकांत वैद्यकशास्त्राने मनोरुग्णांच्या रक्ताकडे फार वेगळ्या नजरेने पाहायला आरंभ केला आहे. ते रक्त नेमके काय सांगते आणि काय सांगत नाही, हे आपल्या कुटुंबांनी जाणून घ्यावे, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

ह्या विषयाकडे आम्हांला वळवले ते सुदुंबऱ्याच्या वाटेवरील एका आईने. सुदुंबरे हे मावळ तालुक्यातील गाव. देहू तेथून फार दूर नाही. तुकोबांच्या चौदा टाळकऱ्यांपैकी एक, व्यवसायाने तेली असलेले संताजी जगनाडे ह्यांची समाधी ह्याच गावी आहे. तुकोबांच्या मुखातून निघालेले अभंग संताजी लिहून ठेवीत, आणि गाथा इंद्रायणीत गेली तेव्हा पुष्कळसे अभंग त्यांच्या स्मरणातून पुन्हा कागदावर उतरले, असे वारकरी श्रद्धेने सांगतात. अलीकडच्या काळात चाकण-तळेगावच्या कारखान्यांमुळे ह्या पट्ट्याचे रूप पालटले. नगरकडून, जालन्याकडून, वसईकडून आलेली ख्रिस्ती कुटुंबेही आता ह्या भागात चार घरे इकडे, दोन घरे तिकडे अशी विखरून राहतात. त्यांच्या घरभेटींना आम्ही जात असू.

त्यांपैकी एका कुटुंबाची हकीकत त्यांच्या संमतीने, ओळखीच्या खुणा बदलून येथे देत आहोत. थोरला मुलगा बाविशीचा. आय. टी. आय. झालेला, एका कारखान्यात कंत्राटी कामगार. प्रथम त्याची झोप उडाली. मग पाळीवरचे सोबती आपल्याविषयीच कुजबुजतात असे तो म्हणू लागला. पुढे त्याने मोबाइल कपड्यात गुंडाळून पत्र्याच्या पेटीत ठेवला, कारण त्यातून कुणीतरी आपले विचार चोरते अशी त्याची खात्री झाली होती. मग आवाज आले. घरात कुणी नसताना दोन माणसे त्याच्याविषयी बोलत. एक निंदा करी, दुसरा हुकूम सोडी. अंघोळ सुटली, जेवण तुटले, नोकरी गेली. वडील म्हणाले, ‘‘कामचुकारपणा आहे.’’ आत्या म्हणाली, ‘‘बाहेरचे आहे.’’ कुणी दंडाला दोरा बांधला, कुणी उतारा टाकला, कुणी प्रार्थनेच्या नावाखाली दोन दिवस उपाशी ठेवले. अकरा महिने असे गेले. धाकट्या मुलीचे लग्न ठरायचे होते. म्हणून डॉक्टरांकडे जाणे म्हणजे गावभर दवंडी पिटणे, असे घरात ठरले होते.

त्या माउलीने आम्हांला दारापर्यंत पोचवताना विचारले, ‘‘फादर, साखर बघायला रक्त काढतात, मलेरियाला काढतात, तसे ह्याला नाही का काही? रक्तात दिसले, तर हे तरी मानतील की पोरगं आजारी आहे.’’

हा प्रश्न आमच्या मनातून हलेना. जे शेजाऱ्यांच्या तोंडी कलंक होते, तेच ह्या आईला साक्षीदार म्हणून हवे होते. रक्ताने बोलावे आणि तिच्या मुलाला ‘आळशी’ आणि ‘झपाटलेला’ ह्या दोन्ही आरोपांतून सोडवावे, अशी तिची याचना होती. आम्ही वैद्य नव्हे. सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान शिकलो. तरी मानसोपचारात काम करणाऱ्या परिचितांना विचारून, मिळेल ते वाचून जे समजले, ते साध्या शब्दांत मांडतो.

ह्या कथेचा आरंभ इटलीत होतो. रीता लेव्ही-मोंताल्चिनी ह्या तूरिन शहरातल्या ज्यू घराण्यात १९०९ साली जन्मलेल्या बाई. वैद्यकाचे शिक्षण पुरे करून त्या संशोधनाला लागल्या तोच १९३८ साली मुसोलिनीच्या राजवटीने वंशभेदाचे कायदे केले आणि ज्यूंना विद्यापीठांची दारे बंद झाली. तेथेही प्रश्न रक्ताचाच होता, हे वाचकांच्या ध्यानी येईल. बाईंनी हार मानली नाही. घरातल्या झोपायच्या खोलीत त्यांनी प्रयोगशाळा थाटली, आणि बाँबवर्षाव वाढल्यावर ती खेड्यातल्या घरी हलवली. शेतकऱ्यांकडून कोंबडीची अंडी मिळवायची, आतल्या गर्भाची वाढ सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची, असा क्रम त्यांनी युद्धाच्या धामधुमीतही चालू ठेवला. वाढत्या गर्भात चेतापेशी निर्माण होतात, पण सगळ्याच जगत नाहीत. ज्यांना पोषण लाभते त्या टिकतात, बाकीच्या गळून पडतात, हे त्यांना दिसू लागले.

१९४७ साली त्या अमेरिकेतील सेंट लुइस येथे व्हिक्टर हँबर्गर ह्यांच्याकडे गेल्या. तेथे १९५०नंतरच्या दशकात, स्टॅन्ली कोहेन ह्यांच्या साह्याने, चेतापेशींना जगवणारा आणि वाढवणारा एक पदार्थ हाती लागला. त्याला ‘नर्व्ह ग्रोथ फॅक्टर’ म्हणजे चेतावर्धक प्रथिन असे नाव पडले. गंमत अशी, की ह्या पदार्थाचा मोठा साठा सर्पाच्या विषात आणि उंदराच्या लाळग्रंथीत सापडला. परमेश्वराने सृष्टीत कोणता ठेवा कोठे ठेवला असेल, ह्याचा अंदाज माणसाला बांधता येत नाही, हेच खरे. १९८६ साली लेव्ही-मोंताल्चिनी आणि कोहेन ह्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच्या कितीतरी आधी, १९७४ साली, व्हॅटिकनच्या परमधर्मपीठीय विज्ञान अकादमीने त्यांना सदस्यत्व दिले होते; त्या अकादमीच्या त्या पहिल्या महिला सदस्य. २०१२च्या डिसेंबरात, वयाच्या १०३व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

ह्याच कुळातील दुसरे प्रथिन १९८२ साली जर्मनीत ईव्ह-आलँ बार्ड आणि हान्स थोनेन ह्यांनी डुकराच्या मेंदूतून वेगळे काढले. त्याचे इंग्रजी नाव लांबलचक आहे. शास्त्रज्ञ त्याला बी. डी. एन. एफ. म्हणतात. आपण त्याला मेंदूपोषक प्रथिन म्हणू. हे प्रथिन लहानपणापुरते काम करून निवृत्त होत नाही. मेंदूतील एक पेशी दुसरीला जेथे निरोप देते, तो सांधा घट्ट करणे, नवे शिकताना नवी जोडणी उभारणे, स्मरण टिकवणे, ह्या सर्वांत त्याचा आयुष्यभर हात असतो. ज्या संताजींनी दुसऱ्याचे शब्द स्मरणात जपले, त्यांच्या गावाच्या निमित्ताने हे लिहिताना आम्हांला वाटून गेले, की देहाच्या आतही अशी एक अबोल लेखणी सतत चालू असते.

स्किझोफ्रेनिया आणि त्या जातीचे इतर चित्तभ्रम बहुधा सोळा ते तिशीच्या दरम्यान डोके वर काढतात. ह्या वयात मेंदूची बांधणी अद्याप चालू असते; नको त्या जोडण्या छाटल्या जातात, हव्या त्या पक्क्या होतात. तेव्हा शास्त्रज्ञांना प्रश्न पडला : ह्या बांधणीला लागणारे खतपाणीच ह्या तरुणांत कमी पडते काय? मेंदू उघडून तर पाहता येत नाही. मग रक्तात काही खूण मिळेल काय?

आमच्या वाचकांना अभिमान वाटावा अशी गोष्ट अशी, की ह्या प्रश्नाचा महत्त्वाचा शोध आपल्या पुण्यात घेतला गेला. धनकवडी येथील भारती विद्यापीठाच्या आरोग्य संशोधन संस्थेतील साधना जोशी, अन्विता काळे आणि त्यांचे सहकारी, तसेच अमेरिकेतील जॉर्जिया वैद्यकीय महाविद्यालयातील साहेबराव महाडिक आणि अनिलकुमार पिल्लई ह्यांनी मिळून, नुकताच आजार सुरू झालेल्या आणि औषधाचा एकही डोस न घेतलेल्या रुग्णांचा अभ्यास केला. त्यांनी केवळ रक्त तपासले नाही, तर मेंदू आणि पाठीच्या कण्याभोवती जो पातळ द्रव असतो, तोही तपासला. २००९ साली चेतावर्धक प्रथिनाविषयीचा आणि २०१०च्या सुमारास मेंदूपोषक प्रथिनाविषयीचा त्यांचा निबंध परदेशी वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. निष्कर्ष असा, की निरोगी माणसांच्या तुलनेत ह्या रुग्णांत दोन्ही प्रथिने रक्तातही कमी होती आणि त्या द्रवातही कमी होती. मेंदूपोषक प्रथिनाच्या बाबतीत रक्तातील प्रमाण आणि आतील द्रवातील प्रमाण ह्यांत मेळही आढळला. आणि भास-भ्रमांसारखी लक्षणे जितकी तीव्र, तितके ते प्रथिन कमी, असा कल दिसला. पुढे २०१५ साली जगभरच्या ४१ अभ्यासांतील सात हजारांहून अधिक माणसांची माहिती एकत्र करून पाहण्यात आली, तेव्हाही स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांच्या रक्तात हे प्रथिन सरासरीने कमी असते, आणि ही घट आजाराच्या आरंभापासूनच दिसते, हे पक्के झाले.

मग त्या आईच्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असे द्यावे काय? नाही, आणि ते का नाही, हे नीट समजून घेतले पाहिजे. सरासरी वेगळी आणि एकटा माणूस वेगळा. शंभर रुग्णांची सरासरी शंभर निरोग्यांहून कमी भरली, तरी ह्या रुग्णांपैकी पुष्कळांचे प्रमाण निरोग्यांइतकेच असते, आणि काही निरोग्यांचे प्रमाण रुग्णांइतके कमी असते. शिवाय हे प्रथिन खिन्नतेच्या आजारातही घटते. रक्तातला त्याचा मोठा साठा रक्त गोठवणाऱ्या बिंबिकांमध्ये असतो. त्यामुळे रक्त कसे काढले, किती वेळ ठेवले, गोठू दिले की नाही, ह्यावर आकडा बदलतो. औषधोपचारानंतर ते वाढते काय, ह्याविषयीही सर्व अभ्यासांचे निष्कर्ष सारखे नाहीत. म्हणून आजही कोणताही जाणता डॉक्टर केवळ रक्ताच्या अहवालावरून चित्तभ्रमाचे निदान करीत नाही. उद्या कुणी आपल्या दाराशी येऊन ‘एका थेंबात मुलाचे वेड ओळखून देतो’ म्हणेल, तर वाचकांनी पैशांची पिशवी घट्ट धरावी. डॉक्टर रक्त तपासायला सांगतात ते थायरॉईड, जीवनसत्त्वांची कमतरता, संसर्ग किंवा नशेचा पदार्थ अशी दुसरी कारणे नाहीत ना, हे पाहण्यासाठी. ती तपासणी अवश्य करावी. निदान मात्र रुग्णाशी आणि घरच्यांशी शांतपणे बोलूनच होते.

तरीही ह्या संशोधनाने एक मोठी गोष्ट केली आहे, असे आम्हांला वाटते. ‘रक्तातच आहे’ ह्या वाक्याचा अर्थच त्याने पालटून टाकला. गाव जेव्हा हे वाक्य बोलतो, तेव्हा त्याला म्हणायचे असते, की हा डाग पिढ्यान् पिढ्या चालत आला आणि तो कधी पुसला जाणार नाही. शास्त्र सांगते ते वेगळेच. आजाराची प्रवृत्ती काही अंशी वारशाने येते हे खरे. पण ती एकाच कुठल्या दोषाने येत नाही, आणि तिचे रूपांतर आजारात होईलच असेही नाही. एकाच गर्भकोषातून जन्मलेल्या, तंतोतंत सारख्या जुळ्यांपैकी एकाला स्किझोफ्रेनिया झाला, तरी निम्म्याहून अधिक वेळा दुसऱ्याला तो होत नाही. मग चुलत्याला आजार होता म्हणून पुतणीचे लग्न मोडणाऱ्यांनी कोणत्या शास्त्राचा आधार घेतला? आणि रक्तातले हे मेंदूपोषक प्रथिन तर कमी-जास्त होणारे आहे. दीर्घकाळच्या ताणाने ते घटते, आणि घाम येईपर्यंत केलेल्या नियमित व्यायामाने ते वाढते, असे अभ्यासांत दिसून आले आहे. अनेक वर्षे उपचारावाचून चाललेला आजार माणसाला अधिक पोखरतो. तेव्हा रक्तात जे आहे तो शिक्का नव्हे. ती विहिरीतल्या पाण्यासारखी पातळी आहे. उन्हाळ्यात पाणी खाली जाते म्हणून विहिरीला शापित म्हणणे हा शहाणपणा नव्हे.

पुण्याच्या त्या अभ्यासातील एक तपशील आमच्या मनाला फार लागला. औषध अजिबात न घेतलेले रुग्ण मिळणे संशोधनाला अत्यंत मोलाचे असते, कारण औषधानेच रक्तात बदल झाला की काय, ही शंका मग उरत नाही. असे रुग्ण आपल्याकडे मिळतात. का मिळतात? बंगळूरच्या ‘निम्हान्स’ संस्थेने २०१५-१६ साली देशभर केलेल्या मानसिक आरोग्य सर्वेक्षणात आढळले, की चित्तभ्रमाच्या रुग्णांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश रुग्णांपर्यंत उपचार पोचलेलाच नाही. संशोधकाला जे उपयोगी पडले, ते आपल्या समाजाचे दुःख आहे. त्या रुग्णांनी आणि त्यांच्या घरच्यांनी आपल्या कठीण काळात रक्त दिले, पाठीच्या कण्यातला द्रव दिला. त्यांची नावे कोणत्याही निबंधात छापलेली नाहीत. उद्या ह्या ज्ञानातून एखाद्या तरुणाला लवकर मदत मिळाली, तर ती ह्या अनामिकांच्या दानातून मिळालेली असेल. ‘वेडे’ म्हणून ज्यांच्याकडून काही घेण्याजोगे नाही असे आपण समजतो, तेच येथे दाते ठरले.

लवकर मदत, हे दोन शब्द ह्या लेखाचा गाभा आहेत. सुदुंबऱ्यातच राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या पाचव्या बटालियनचा तळ आहे. २०१४ सालच्या ३० जुलैला आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव डोंगराखाली गाडले गेले, तेव्हा ह्या दलाचे जवान चिखलात उतरले होते. ढिगाऱ्याखालच्या माणसासाठी पहिले काही तास सर्वांत मोलाचे असतात, हे त्यांना कुणी शिकवावे लागत नाही. चित्तभ्रमाचेही असेच आहे. तेथे तासांऐवजी महिने मोजायचे एवढाच फरक. पहिला भ्रम दिसल्यापासून योग्य उपचार सुरू होईपर्यंत जितका काळ वाया जातो, तितके पुढे सावरणे कठीण होते, हे जगभरच्या अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसले आहे. दरड कोसळल्यावर आपण करणी शोधत बसत नाही. आधी माणूस बाहेर काढतो. मग मुलाच्या मनावर दरड कोसळली, तेव्हाच आपण कारण शोधण्यात अकरा महिने का घालवावे?

येथे धर्मगुरू म्हणून स्पष्ट बोलणे आमचे कर्तव्य आहे. पवित्र ख्रिस्तसभा सैतानाचे अस्तित्व नाकारीत नाही. पण आजाराला सैतान म्हणण्याची मुभाही ती कुणाला देत नाही. १९९२ साली पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी प्रसिद्ध केलेल्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथाच्या १६७३व्या परिच्छेदात असा आशय आहे, की आजार, विशेषतः मानसिक आजार, ही अगदी वेगळी बाब असून तिचा उपचार वैद्यकशास्त्राने करावयाचा असतो. भूतनिवारणाचा विधी तर महागुरुस्वामींच्या परवानगीवाचून कोणत्याही धर्मगुरूला करता येत नाही. महाराष्ट्राच्या २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यानेही भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे, बांधून ठेवणे हा गुन्हा ठरवला आहे. उपाशी ठेवणे, साखळीने बांधणे, गोळ्या बंद करायला लावणे, ही प्रार्थना नव्हे. प्रार्थना गोळीच्या आड येत नाही. ती गोळी घेण्याचे बळ देते. रुग्णांचा तैलाभ्यंग संस्कार मनाच्या गंभीर आजारातही घेता येतो, हे पुष्कळ भाविकांना ठाऊक नसते, म्हणून येथे नमूद करतो.

त्या मुलाचे पुढे काय झाले, हे वाचक विचारतील. आम्ही वडिलांशी तीन वेळा बोललो. पहिल्या दोन वेळा त्यांनी विषय बदलला. तिसऱ्या वेळी आम्ही रक्ताचीच गोष्ट काढली. आम्ही म्हणालो, ‘‘दादा, तुमच्या मुलाच्या मेंदूला पोसणारी एक वस्तू असते. अशा आजारात ती कमी पडते असे पुण्याच्या डॉक्टरांना दिसले आहे. ती पोराने मुद्दाम कमी केलेली नाही.’’ ते बराच वेळ गप्प बसले. मग एवढेच म्हणाले, ‘‘मी त्याला हात उचलला, फादर.’’ दुसऱ्या दिवशी ते स्वतः मुलाला घेऊन सरकारी रुग्णालयात गेले. आज तो औषधे घेतो. आवाज पुरते थांबलेले नाहीत. पण ते आता लांबून येतात, असे तो सांगतो. वजन वाढले म्हणून कुरकुर करतो. पहाटे वडिलांबरोबर चालायला जातो, आणि एका ओळखीच्या गॅरेजात अर्धा दिवस काम करतो. बहिणीचे लग्न झाले. मुलाकडच्यांना तिने स्वतःच सगळे सांगितले होते. एक स्थळ मोडले, दुसरे टिकले. ही चमत्काराची कथा नाही. अर्धी बरी झालेली कथा आहे, आणि अर्ध्या बऱ्यासाठीही परमेश्वराचे आभार मानावेत, हे त्या घराने आम्हांला शिकवले.

संत मार्कच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात एक प्रसंग आहे, त्यावर प्रवचने फार क्वचित होतात. प्रभू येशूभोवती गर्दी जमली, त्याला जेवायलाही सवड उरली नाही, तेव्हा त्याचे आप्त त्याला धरून न्यायला निघाले, कारण त्याचे भान हरपले आहे असे लोक म्हणत होते. ज्या घरात कुणाला ‘वेडा’ म्हटले गेले, त्या घराने हे ध्यानी ठेवावे, की हा शब्द प्रत्यक्ष प्रभूच्या वाट्याला आला आहे. आणि पाचव्या अध्यायात, थडग्यांमध्ये राहणारा, साखळ्या तोडणारा तो गरसेकर मनुष्य बरा झाल्यावर प्रभूबरोबर जाण्याची विनवणी करतो, तेव्हा प्रभू त्याला घरी, आपल्या माणसांत जायला सांगतो. बरे होण्याची शेवटची पायरी म्हणजे घर. वैद्य अर्धी वाट आणून सोडतो. उरलेली घराने चालायची असते.

बेल्जियममधील खील नावाच्या गावात संत डिंफ्ना हिची समाधी आहे. तेथे मध्ययुगापासून मनोरुग्ण यात्रेला येत, आणि गावातील कुटुंबे त्यांना आपल्या घरी ठेवून घेत. ती परंपरा आजच्या काळापर्यंत चालत आली आहे. आपल्या पुण्यातही असा एक दिवा लागला. कॅनडात कॅल्गरी येथे गणित आणि संख्याशास्त्र शिकवणारे डॉ. जगन्नाथ वाणी ह्यांच्या घरीच हा आजार आला होता. त्यांनी दुःख लपवले नाही. पुण्यात स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांसाठी आणि त्यांच्या कुटुंबांसाठी ‘सा’ ह्या संक्षिप्त नावाने ओळखली जाणारी संस्था उभी केली. ‘देवराई’ हा मराठी चित्रपट २००४ साली पडद्यावर आला, त्यामागेही त्यांची प्रेरणा होती. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर ह्यांच्या त्या चित्रपटात अतुल कुलकर्णी ह्यांनी असा रुग्ण उभा केला, की पाहणाऱ्याला त्याची भीती वाटण्याऐवजी त्याच्याशेजारी बसावेसे वाटते.

वाचकहो, काही व्यवहाराच्या गोष्टी सांगून हा लेख संपवतो. घरातला तरुण मुलगा वा मुलगी काही आठवड्यांत एकदम बदलली, झोप उडाली, मित्र तुटले, अभ्यास वा काम घसरले, कुणी पाठलाग करते अशी शंका धरली, एकट्याने बोलू-हसू लागली, तर वाट पाहू नका. त्याच्याशी वाद घालून भ्रम खोटा ठरवायला जाऊ नका. ‘तुला त्रास होतोय, आपण डॉक्टरांना भेटू’ एवढेच म्हणा. औंधचे जिल्हा रुग्णालय, ससून, येरवड्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय येथे उपचार मिळतो. भारत सरकारने २०२२ साली सुरू केलेल्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्री-अपरात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येते. जीव देण्याची भाषा निघाली, तर त्या माणसाला क्षणभरही एकटे सोडू नका. आणि एकदा सुरू झालेले औषध बरे वाटताच बंद करू नका. ते डॉक्टरांनाच ठरवू द्या.

धर्मग्रामांकडूनही आमची एक अपेक्षा आहे. ११ फेब्रुवारीला, लूर्द मातेच्या सणादिवशी, आपण जागतिक रुग्ण दिन पाळतो. त्या दिवशीच्या प्रार्थनांत मनाच्या आजाराचे नाव उघडपणे घेतले जावे. मूत्रपिंडाच्या रुग्णासाठी आपण मिस्सा मागतो, नाव लिहून देतो. मनाच्या रुग्णासाठी मात्र ‘खास हेतू’ असे लिहितो. हा ‘खास हेतू’ जेव्हा आपल्या चिठ्ठीवर स्वतःच्या नावाने येईल, तेव्हा त्या आईला रक्ताची साक्ष शोधत फिरावे लागणार नाही. तिच्या शब्दावर आपण विश्वास ठेवला, एवढेच तिला पुरेल.